वर्गात या आठवड्यात काय शिकवलं?



१४ एप्रिल आला की सोलापूरच्या वस्त्यावस्त्यांत आपली धावपळ सुरू होते. वर्गणी, मंडप, मिरवणूक, भाषणं. भाषणात 'शिका' हा शब्द दहा वेळा येतो. पण आपल्या गल्लीतल्या दुसरीतल्या पोरीला या आठवड्यात शाळेत काय शिकवलं, हे आपल्यापैकी कितीजण विचारतात? सोमवारी फळ्यावर काय होतं? शनिवारी तिला त्यातलं काय येत होतं? हा प्रश्न आपल्याला क्षुल्लक वाटतो. मोर्चापुढं, आरक्षणापुढं तो बारका दिसतो. पण इतिहास उलटा आहे. आपल्या माणसांची लढाई सुरू झाली ती याच बारक्या प्रश्नावरून, आणि तिला आता पावणेदोनशे वर्षं होत आली.

१८५६ सालच्या जून महिन्यात धारवाडला एका महार मुलानं सरकारकडं अर्ज केला. मला सरकारी शाळेत घ्या, एवढंच मागणं. धारवाड आपल्यापासून लांब नाही, तेव्हा तो भाग याच मुंबई इलाख्यात होता. मुंबई सरकारनं विचार करून ठरवलं की एका पोरासाठी बाकीची शाळा रिकामी करायची नाही. म्हणजे न्याय त्याच्या बाजूनं आहे हे कळत होतं, पण गर्दी दुसऱ्या बाजूला होती. वरच्या सरकारला हे पटलं नाही आणि पुढं सरकारी पैशावर चालणारी शाळा सगळ्या जातींना उघडी, असं तत्त्व कागदावर आलं. कागदावर आलं म्हणजे वर्गात आलं नव्हतं. १८८१-८२ साली मुंबई इलाख्याच्या प्राथमिक शाळांत तीन लाखांवर मुलं होती. त्यांत सरकारी भाषेत 'लो कास्ट' म्हटलेली मुलं २,८६२. शंभरात पुरतं एकसुद्धा नाही.

आता मला सांगा, त्या शाळेत असं काय शिकवत होते की आपल्याला आत घेतलं तर गावाचं आभाळ कोसळणार होतं? वेद नव्हते शिकवत. बालबोध आणि मोडी वाचायला-लिहायला शिकवत. पाढे घोकून घेत. साधे पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. आजच्या पोरांना ही नावं ऐकून हसू येईल. पण त्या काळात गावाचा सगळा व्यवहार या पाढ्यांवर आणि मोडीवर चालायचा.

सावकार पेरणीला धान्य द्यायचा सवाईनं नाहीतर दिढीनं. सवाई म्हणजे एक मण नेलं तर सुगीला सव्वा मण आणून टाकायचं. दिढी म्हणजे दीड मण. पाऊस दगा देऊन गेला आणि फेड झाली नाही, तर पुढच्या वर्षी दिढी लागणार ती दीड मणावर. म्हणजे सव्वादोन मण. तिसऱ्या वर्षी तीन मण पंधरा शेर. एक मण ज्वारी नेलेला माणूस तीन वर्षांत तिप्पट-चौपटीत गेला. हा हिशेब सावकाराच्या वहीत मोडीत लिहिलेला, आणि खाली आपल्या माणसाचा अंगठा. ज्याला मोडी येते आणि दिडकी तोंडपाठ आहे, तो वही मागून घेऊन म्हणू शकतो, "शेट, हितं पंधरा शेर जास्त धरलेत." ज्याला येत नाही, त्यानं पागोटं काढून पायाशी ठेवायचं. शाळेच्या दाराशी आपल्याला का अडवलं, याचं एक उत्तर विटाळ आहे. दुसरं उत्तर हे आहे. विटाळाबद्दल आपण पुष्कळ बोलतो, पण या दुसऱ्या उत्तराबद्दल कमी बोलतो.

जोतीराव फुल्यांना हे पक्कं ठाऊक होतं. १८८२ साली हंटर कमिशनपुढं त्यांनी निवेदन दिलं. मोफत शिक्षण द्या एवढं म्हणून ते थांबले नाहीत. बारा वर्षं वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणाले, आणि वर्गात काय शिकवायचं हेही त्यांनी सांगितलं. मोडी आणि बालबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे चार धडे. ही यादी नीट वाचा. शेतकऱ्याच्या आणि अस्पृश्याच्या पोराला सोमवार ते शनिवार कशाची गरज आहे, याचा विचार करून ती केली आहे. मास्तर कोणत्या समाजातून यावेत आणि त्यांना पगार पोटापुरता मिळावा, यावरही जोतीराव बोलले. कारण पुस्तक कितीही चांगलं असलं तरी पोरापर्यंत ते मास्तराच्या तोंडूनच जातं.

आणि शिकवलं तर काय होतं, याचा पुरावा त्याआधीच मिळाला होता. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो १८५५ साली 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला. थोड्याच वर्षांच्या शाळेवर त्या पोरीनं धर्माला प्रश्न विचारले.

आत जायला मिळालेल्या पोरांची तऱ्हा वेगळी. सातारच्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी लागलं. बसायला स्वतःचं गोणपाट, वर्गाच्या कोपऱ्यात. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायानं नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसेल तर पाणी नाही. त्या आठवड्यात त्या वर्गातल्या बाकीच्या पोरांनी इंग्रजी शब्द पाठ केले असतील, भूगोल पाठ केला असेल. पण त्याबरोबर त्यांनी आणखी एक धडा पाठ केला, जो कुठल्याच पुस्तकात नव्हता. हा पोरगा नळाला शिवत नाही, हा तो धडा. शाळा रोज दोन गोष्टी शिकवते. एक फळ्यावरची, एक जमिनीवर कोण कुठं बसलंय ती. दुसरी परीक्षेत येत नाही, म्हणून जन्मभर विसरत नाही.

हे तोडण्याचा सरळ रस्ता शाहू महाराजांनी दाखवला. कोल्हापुरात १९१७ पासून सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाची सुरुवात झाली, आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम निघाला. मुलं एका बाकावर बसली नाहीत तर फळ्यावरची समता खोटी, हे त्या हुकमामागचं कारण.

आता आपल्या सोलापूरकडं या. १८७७ साली इथं सूतगिरणी उभी राहिली, ती आपली जुनी गिरणी. पुढं आणखी गिरण्या आल्या, भोंगे आले. खेड्यातून उठलेला माणूस इथं आला. गावचा येसकर इथं कामगार झाला, हे खरं. पण पोराच्या हातात पाटी आली का? कायदा बघा. १८८१ च्या फॅक्टरी कायद्यानं सात वर्षांच्या खालच्या पोराला कामाला लावायला बंदी केली, म्हणजे सात वर्षांच्या पोराला मोकळीक दिली, तीही दिवसाला नऊ तास. १८९१ ला वय नऊ झालं आणि तास सात. १९२२ ला कुठं बारा वर्षं आणि सहा तास. सात वर्षांचं पोर म्हणजे आजचं पहिली-दुसरीतलं. त्याच्या आठवड्याचं वेळापत्रक गिरणीचा भोंगा ठरवत होता.

दुसरीकडं सेटलमेंट. कैकाडी, मांग-गारुडी, पारधी, कंजारभाट अशा जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. १९२४ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात तर मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या औद्योगिक किंवा सुधारशाळेत टाकायचीही तरतूद होती. शाळेत हजेरी असते तशी इथं आईबापाचीही हजेरी होती, पोलिसापुढं. बाप तिकडं नाव ऐकून 'हजर' म्हणतोय, पोरगं इकडं नाव ऐकून 'हजर' म्हणतंय. त्या पोरानं 'हजर' या शब्दाचा काय अर्थ लावला असेल? हा कायदा देशभरातून १९५२ साली गेला. वस्तीचं सेटलमेंट हे नाव मात्र सोलापुरात अजून आहे.

याच शहरात ४ जानेवारी १९२५ ला बहिष्कृत हितकारिणी सभेनं अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं. सभा स्थापन होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. बाबासाहेबांनी व्यवस्था सोपवली सोलापूरच्या जिवाप्पा ऐदाळे यांच्याकडं, जे पुढं मुंबईच्या कायदेमंडळात गेले. महाडच्या तळ्याआधी दोन वर्षं सोलापूरचं वसतिगृह आहे, ही गोष्ट आपल्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे? वसतिगृह हायस्कूलच्या मुलांसाठी होतं. कारण साधं आहे. चौथीच्या पुढं जाणारं पोर मुळातच दुर्मिळ, आणि जे गेलं त्याला शहरात राहायला जागा कोण देणार? भाड्याची खोली जात विचारून मिळायची.

पोरं चौथीपर्यंत का टिकत नाहीत, हा प्रश्न बाबासाहेबांनी १२ मार्च १९२७ ला मुंबईच्या कायदेमंडळात मांडला. महाडचा सत्याग्रह २० मार्चचा. म्हणजे तळ्यावर जाण्याच्या आठच दिवस आधी हा माणूस प्राथमिक शाळेचे आकडे घेऊन उभा होता. प्राथमिक शाळेत शंभर पोरं जातात, त्यांतली अठराच चौथीला पोचतात. बाकीची ब्याऐंशी परत अडाणी होतात. याच चालीनं गेलं तर मुलगे शाळेत यायला चाळीस वर्षं आणि मुली यायला तीनशे वर्षं लागतील. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करतं आणि दारूच्या उत्पन्नातून माणशी दोन रुपयांच्या वर वसूल करतं. पोरगं नुसतं पटावर असून भागत नाही, चौथीपर्यंत टिकून त्याला कायमचं लिहिता-वाचता आलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

मी वाढलो ते गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या घरात. शाळेत मला फळ्यावरचं सगळं मिळालं, जमिनीवरचा धडाही मिळाला. घरात आम्ही 'न्हाई' म्हणायचो, 'पानी' म्हणायचो. वर्गात त्यावर हशा व्हायचा. हळूहळू आमच्यातली निम्मी पोरं वर्गात बोलेनाशी झाली. न बोलणारं पोर मास्तराला शांत आणि गुणी वाटतं. ते मागं पडलंय हे कळेपर्यंत सातवी उजाडते. सोलापुरात हा प्रश्न आपलाच नाही. इथं मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू चारी भाषांची घरं एका गल्लीत आहेत. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी घरी कानडी बोलणाऱ्या पोरांसाठी धडे त्यांच्या भाषेत नेले, पुस्तकाला क्यूआर कोड जोडले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. बक्षिसाचं कौतुक झालं. पण त्यातला मुद्दा असा की पोराच्या तोंडातली भाषा वर्गात चालली पाहिजे.

१९६७ ला बालभारती आली, राज्यभर एकच पुस्तक झालं. आज आपलं पोर आणि पाटलाचं पोर एकच पुस्तक वाचू शकतं, ही लहान गोष्ट नाही. २६ जानेवारी २०२० पासून राज्यातल्या शाळांत परिपाठाला संविधानाची उद्देशिका वाचायचा आदेश आहे. ज्या शाळेच्या ओट्यावर आपला आज्जा बसला, त्या शाळेत आपली नात 'समता' आणि 'बंधुता' म्हणते आहे. पण धारवाडचा कागद आठवा. म्हणणं आणि होणं यांत अंतर असतं. पोरीला विचारा, बंधुता म्हणजे काय? तिनं शेजारच्या पोरीच्या डब्यातला घास खाल्ला का, हे विचारा. उत्तर तिथं आहे.

म्हणून दोस्तांनो, काम सांगतो. दर रविवारी विहारात नाहीतर समाजमंदिरात गल्लीतली पोरं वह्या घेऊन बसवा. भाषण करू नका. चार गोष्टी बघा. या आठवड्यातला धडा पोर न अडखळता वाचतं का? दुकानातल्या बिलाची बेरीज तपासतं का? वहीवर मास्तरांची तारीखवार सही आहे का? आणि आठवड्यात किती दिवस गैरहजर होतं, का होतं? आई विडी वळायला बसली म्हणून धाकट्याला सांभाळायला पोरगी घरी राहिली असेल, तर तो प्रश्न शाळेचा नाही, आपला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के जागा पालकांना दिल्यात, निम्म्या जागा बायकांना. त्या बैठकीला आपल्या वस्तीतली आई जाते का, की कोरा कागद घरी येतो आणि ती सही करते? कोऱ्या कागदावरची सही आणि सावकाराच्या वहीतला अंगठा यांत फार फरक नाही.

पुढच्या रविवारी पहिल्यांदा पाच पोरं आली तरी चालतील. त्यांच्या वह्या उघडा आणि वाचायला सुरुवात करा.