लाकडी फळ्यांच्या भिंतीसाठी खिळे कसे निवडावेत?

शेतघर, कृषी पर्यटनाची खोली किंवा बंगल्याचा दर्शनी भाग यांना बाहेरून लाकडी फळ्यांचे आवरण देताना लाकडाचा विचार बारकाईने होतो. खिळे मात्र हाती येतील ते वापरले जातात. पुढे फळ्या उकलतात, वाकतात आणि भिंतीवर काळे ओघळ उमटतात. त्यांचे मूळ बहुधा खिळ्यात असते.

हवामान आणि लाकूड
बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतात. पाऊस कमी असल्याने येथे खिळे गंजणार नाहीत, असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि पावसाळा, हिवाळ्यातील दव आणि भिगवण परिसरात पसरलेला उजनीचा जलाशय यांमुळे ओलावा टळत नाही. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे, उन्हाळ्यात पारा ४० अंशांपर्यंत चढला की लाकूड आक्रसते आणि पावसाळ्यात फुगते. या हालचालीमुळे गुळगुळीत खिळा हळूहळू सैल होऊन बाहेर येतो.

लाकडातील ओलावा किती असावा, यासाठी देशाचे हवामान विभाग पाडून भारतीय मानक २८७ मध्ये मर्यादा दिल्या आहेत. म्हणून फळ्या आणल्याबरोबर ठोकू नयेत. मध्ये पट्ट्या ठेवून त्या दोन-तीन आठवडे सावलीत हवेशीर रचून ठेवाव्यात.

कोणता खिळा?
तारेचे साधे खिळे बाहेरच्या कामास योग्य नाहीत. सागवान किंवा बाभळीच्या लाकडातील टॅनिनशी लोखंडाचा ओलसर संयोग झाला की काळे डाग पडतात आणि ते सहजी निघत नाहीत. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले खिळे घ्यावेत. विजेच्या साह्याने चढवलेला चकचकीत मुलामा पातळ असतो, तो लवकर संपतो. फळ्यांना केवळ तेल किंवा पारदर्शक वॉर्निश द्यायचे असल्यास स्टेनलेस स्टीलचे खिळेच उत्तम. अंगावर गोल कडी असलेल्या खिळ्यांची पकड अधिक असते. ते न मिळाल्यास स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत.

लांबी आणि जाडी
फळीतून पार होऊन खिळा मागील भरीव लाकडात सुमारे दीड इंच रुतला पाहिजे. पाऊण इंचाच्या फळीस अडीच इंची खिळा पुरतो. विटांच्या भिंतीवर रिपा ठोकून फळ्या लावायच्या असतील, तर रीप २ इंच जाडीची घ्यावी, अन्यथा टोक विटेवर आदळते. दोन रिपांमधील अंतर २ फुटांहून अधिक नसावे. खिळ्यांची जाडी गेजमध्ये सांगितली जाते. गेजचा आकडा वाढला की खिळा बारीक होतो, हे खरेदी करताना ध्यानात ठेवावे.

ठोकण्याची रीत
एकावर एक चढणाऱ्या फळ्यांत एकच खिळा दोन्ही फळ्यांतून पार नेऊ नये. खालच्या फळीच्या वरच्या कडेला मोकळे ठेवून, तिच्या किंचित वर वरची फळी ठोकावी. दोन्ही फळ्या एकाच खिळ्यात अडकल्या तर आक्रसताना फळी मधोमध फाटते. ६ इंचांपर्यंतच्या फळीस प्रत्येक रिपेवर एक खिळा पुरे होतो.

बाभूळ, सागवान यांसारख्या कठीण लाकडात, विशेषतः फळीच्या टोकाजवळ, खिळ्याहून बारीक भोक आधी पाडावे. डोके पृष्ठभागाशी समतल होताच हातोडा थांबवावा. डोके खोल गेले की लाकडाचे तंतू तुटतात आणि त्या खळग्यात पाणी साचते. शेवटचा घाव जपून घातल्यास जस्ताचा मुलामाही शाबूत राहतो.

एकूण खर्चात खिळ्यांचा वाटा अल्प असतो. खराब झालेली फळी उतरवून पुन्हा बसवण्याची मजुरी मात्र मोठी पडते. दरवर्षी मे महिन्यात, पावसापूर्वी, भिंतीची पाहणी करून वर आलेले खिळे काढावेत आणि त्याच जागी थोडा लांब खिळा किंवा स्क्रू बसवावा.