मनोरमा कुणाची? वाँटेजचा वाद आणि पुण्याचा वाद

पंडिता रमाबाईंविषयी मराठीत जे लिहिले गेले, त्यातले बरेचसे एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिले आहे: बाईंनी धर्म का बदलला? अनुकूल लिहिणाऱ्यांना त्यात आत्मशोध दिसला, प्रतिकूल लिहिणाऱ्यांना फितुरी दिसली. दोन्ही पक्षांच्या लेखनात एक व्यक्ती मात्र कडेला उभी राहते. ती म्हणजे रमाबाईंची मुलगी मनोरमा. १८८३ ते १८८६ या काळात इंग्लंडात राहणाऱ्या एका तरुण विधवेला, आपल्या एकुलत्या मुलीला काय शिकवायचे हे ठरवण्याचा हक्क राखण्यासाठी भांडावे लागले. हे भांडण रमाबाईंच्या आयुष्यातले उपकथानक आहे असे आम्हांस वाटत नाही. परदेशी एकट्या आईची जी कोंडी आज व्हिसा आणि मुलांचा ताबा या शब्दांत सांगितली जाते, तिचे मराठीतले एक जुने आणि भरपूर कागदपत्रे असलेले उदाहरण म्हणून ते वाचायला हवे.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८८० च्या नोव्हेंबरात रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबाबू पटकीने गेले. आईवडील आणि भाऊ त्याआधीच गेले होते. तान्हे मूल घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. येथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि ‘स्त्री धर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाच्या उत्पन्नातून १८८३ साली त्या मनोरमेला आणि आनंदीबाई भगत या मैत्रिणीला घेऊन इंग्लंडला निघाल्या. डॉक्टर व्हावे असा मनोदय होता. पण कानांच्या दुखण्यामुळे तो सोडावा लागला.

त्या वेळी व्हिसा नावाची वस्तू नव्हती. हिंदुस्थानातून बाहेर जाणाऱ्यावर पासपोर्टची सक्ती पहिल्या महायुद्धात आली. राणीच्या राज्यातला प्रजाजन म्हणून रमाबाईंना इंग्लंडच्या बंदरात उतरण्यास कुणाची परवानगी लागली नाही. परंतु कागद नव्हता म्हणून अट नव्हती असे नाही. उतरल्यावर राहायचे कुठे, खायचे काय, आणि आई शिकत असताना दोन वर्षांच्या मुलीकडे पाहायचे कुणी? या तिन्ही प्रश्नांचे उत्तर वाँटेजच्या अँग्लिकन मठाकडे होते. या मठाच्या भगिनींशी पुण्यातच ओळख झाली होती. रमाबाईंनी हिंदुस्थानात येऊ घातलेल्या भगिनींना मराठी शिकवावे आणि त्याबदल्यात मठाने त्यांची सोय करून इंग्रजी शिकवावे असे ठरले. सौदा न्याय्य होता. त्यात मनोरमेच्या संगोपनाविषयी काही ठरलेले नव्हते, आणि पुढचा सगळा वाद त्या न ठरलेल्या कलमातून निघाला.

पहिल्याच वर्षी आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुढच्या वर्षी त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्याकडे शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या. मुलीचा भार मात्र पुष्कळसा वाँटेजच्या भगिनींवर राहिला. रमाबाईंची विशेष जबाबदारी घेतलेल्या सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई पत्रांतून ‘आजीबाई’ म्हणत. या संबोधनाकडे आम्हांस वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. ज्या मुलीला आजी उरली नव्हती, तिच्यासाठी आईने परक्या देशात एक आजी नेमली होती. आपल्याकडे आजी लाड करते, स्तोत्रे शिकवते आणि वेळप्रसंगी सुनेला दोन शब्द सुनावतेही. आजीबाईंनी हे सारे केले. फरक इतकाच की त्यांच्यामागे एक मठ, एक चर्च आणि त्याचे बिशप उभे होते.

हे बिशप किती जवळ होते याची प्रचीती लवकरच आली. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी कल्पना निघताच हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात परतल्यावर या बाईंच्या प्रतिष्ठेला बाध येईल असे त्यांना वाटले. स्वतः कुठे काम करावे हे ठरवायला आपण समर्थ आहोत, असे रमाबाईंनी ठणकावून कळवले. पाठोपाठ त्रैक्याच्या सिद्धान्तावरून त्यांचे आणि आजीबाईंचे खटके उडू लागले. हिंदुस्थानातल्या पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने फेकून दिल्यावर तसलेच दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, या आशयाचे त्यांचे १८८५ चे पत्र प्रसिद्ध आहे. पण आई स्वतःसाठी जे मान्य करीत नव्हती, ते चार वर्षांच्या मुलीच्या तोंडी प्रार्थनेतून घातले जात होते. रमाबाईंनी त्यास हरकत घेतली. मुलीविषयीचे बेत इतरांनी आखू नयेत, तिला आपल्या देशबांधवांत त्यांच्यातलीच एक म्हणून वाढवायचे आहे, त्यांच्याहून वरचढ वा परकी म्हणून नव्हे, असेही त्यांनी लिहिले. आजीबाईंच्या दृष्टीने हा हट्ट आणि अहंकार होता. ज्या बालिकेला चर्चने बाप्तिस्मा दिला, तिला चर्चची शिकवण देणे हे त्यांना कर्तव्य वाटत होते.

सिस्टर जेराल्डिन यांना खलनायिका ठरवणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. मुलीवर त्यांची माया होती. रमाबाईंची पत्रे जपून ठेवून संकलित केली तीही त्यांनीच. ते संकलन अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली मुंबईत प्रसिद्ध झाले, म्हणून तर हा वाद आपल्याला दोन्ही बाजूंनी वाचता येतो. वादाचे मूळ कुणाच्या दुष्टपणात नाही. निवारा, पैसा आणि मुलाचा सांभाळ या तिन्ही गोष्टी एकाच हातात असल्या, की सल्ला आणि हुकूम यांतली रेघ पुसट होते. रमाबाईंपाशी पती नव्हता, माहेर नव्हते आणि स्वतःचे घर नव्हते. ‘नाही’ म्हटल्यावर मुलीला घेऊन जायचे कुठे, हा प्रश्न त्यांच्या प्रत्येक पत्रामागे उभा असणार.

कायदा कुणाच्या बाजूने होता? इंग्लंडात मुलांवरचा हक्क तेव्हा मूलतः पित्याचा असे. रमाबाई वाँटेजला पोहोचल्या त्याच १८८३ साली अ‍ॅगर-एलिस खटल्यात तेथल्या अपील न्यायालयाने, सोळा वर्षांच्या मुलीने आईला भेटावे की नाही हे ठरवण्याचा पित्याचा अधिकार उचलून धरला. त्या पतिपत्नींतल्या कलहाचे मूळही मुलांच्या धर्मातच होते. पित्याच्या मृत्यूनंतर आई आपोआप मुलाची पालक होईल, अशी स्पष्ट तरतूद इंग्लंडात १८८६ च्या कायद्याने झाली. तोवर रमाबाई इंग्लंड सोडून गेल्या होत्या. म्हणजे ज्या वर्षांत त्या आईचा शब्द अखेरचा मानावा म्हणून भांडत होत्या, त्या वर्षांत खुद्द इंग्रज विधवांनाही हे कलम मिळालेले नव्हते.

१८८६ च्या फेब्रुवारीत रमाबाई मनोरमेला घेऊन अमेरिकेस गेल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे आणि निमंत्रण होते फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्री रेचल बॉडली यांचे. अमेरिकेने १८८२ सालीच असा कायदा केला होता की, जो स्वतःचा निर्वाह करू शकणार नाही आणि सरकारवर भार होईल, अशा प्रवाशास बंदरावरूनच परत पाठवावे. पदरी मूल असलेली एकटी, निर्धन बाई अशा कायद्याच्या कक्षेत चटकन सापडते. रमाबाईंच्या पाठीशी एका महाविद्यालयाचे नाव होते. पण व्याख्यानांसाठी गावोगाव फिरताना पाच वर्षांची मुलगी बरोबर कशी ठेवणार? तिला पुन्हा वाँटेजला, त्याच आजीबाईंकडे धाडावे लागले. ज्या घराच्या शिकवणीवर आक्षेप, त्याच घराचा आधार! रमाबाईंच्या विचारांत विसंगती शोधणाऱ्यांना येथे ती सापडेल. आम्हांस येथे दिसते ती एकट्या आईची रोजची तडजोड.

१८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांच्या खर्चाची हमी घेतली होती. संस्थेत धर्मशिक्षण द्यायचे नाही, असे आश्वासन होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली तेथे जाऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने यावर झोड उठवली. १८९३ च्या ऑगस्टमध्ये रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. ‘केसरी’ तेव्हा आमच्या नारायण पेठेत यायचा होता. गायकवाड वाडा टिळकांनी १९०५ साली घेतला. पण आज केसरीवाड्यावरून जाताना या वादाची आठवण होणे स्वाभाविक आहे.

आमचे म्हणणे असे की, वाँटेजचा वाद आणि पुण्याचा वाद शेजारी ठेवून वाचावेत. वाँटेजला रमाबाई म्हणत होत्या: मुलीचा सांभाळ तुम्ही करता, म्हणून तिचा धर्म ठरवण्याचा हक्क तुम्हाला मिळत नाही. पुण्यात पालकांनी रमाबाईंना हेच ऐकवले. वाँटेजच्या भगिनी म्हणू शकत होत्या की, आम्ही आमच्या घरात आमची प्रार्थना करतो, मूल ती ऐकणारच. पुण्यात रमाबाईंचा बचाव याच धर्तीचा होता. ‘केसरी’च्या भाषेत विखार होता, तरी आश्वासन आणि आचरण यांतले अंतर दाखवण्याचा त्याचा मुद्दा केवळ द्वेषाचा म्हणून झटकता येत नाही. हा तिढा पुण्याला नवा नव्हता, महाराष्ट्रालाही नव्हता. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांच्याबरोबर गेलेला धाकटा भाऊ श्रीपत कोर्टाने वडिलांच्या हवाली केला होता. आणि मग त्याला जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांना खटपट करावी लागली.

तरी दोन्ही वाद तंतोतंत सारखे नाहीत. मनोरमा चार वर्षांची होती. तिला स्वतःचे मत असण्याचा प्रश्न नव्हता, म्हणून कुणीतरी तिच्या वतीने बोलणे भाग होते आणि तो मान आईचाच होता. शारदा सदनातल्या विधवांत मात्र जाणत्या वयाच्या मुलीही होत्या. त्यांच्या वतीने पिता, दीर, सासरे बोलले, संपादक बोलले, सल्लागार बोलले. त्या स्वतः काय म्हणत होत्या, याची नोंद फार थोडी आहे. रमाबाईंनी वाँटेजला आईचा हक्क मागितला. पुण्यात त्या वयात आलेल्या स्त्रीच्या निवडीचा हक्क मागत होत्या. आश्वासनाचा भंग झाला की नाही याविषयी मतभेद राहतील. पण ही दुसरी मागणी पहिलीहून मोठी होती, आणि ती ऐकून घेण्याची तयारी पुण्यापाशी नव्हती.

आज नारायण पेठेतल्या अनेक घरांतली मुले-मुली अमेरिकेत आहेत. व्हिसा बहुधा एकाच्या नोकरीवर असतो आणि दुसरे माणूस त्यावर आश्रित म्हणून राहते. लग्न मोडले की आश्रिताचा तेथे राहण्याचा आधारही मोडतो. मूल मात्र तेथे जन्मलेले, तेथल्या शाळेतले असते. आईने राहावे तर कागद नाही. मुलाला घेऊन इकडे यावे तर तिकडचे न्यायालय त्याला अपहरण म्हणू शकते. असे मूल परत पाठवण्याविषयी १९८० चा हेग करार आहे, पण भारत त्यात सामील झालेला नाही. विधी आयोगाने २००९ साली सामील व्हावे अशी शिफारस केली होती. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ सालच्या एका निकालात मुलाला अमेरिकेस परत नेण्यास सांगितले, तर २०१७ सालच्या एका निकालात परकीय न्यायालयाच्या आदेशापेक्षा मुलाचे हित वरचढ मानले. खुद्द आपल्या १९५६ च्या कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून पिता आणि ‘त्याच्यानंतर’ आई असे शब्द आहेत. त्याचा अर्थ केवळ ‘त्याच्या मृत्यूनंतर’ असा घ्यायचा नाही, हे ठरायला १९९९ साल उजाडले. पासपोर्टच्या अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचेच नाव पुरेसे होईल, हा बदल २०१६ च्या अखेरीस जाहीर झाला.

‘मुलाचे हित’ हा शब्द आज सगळे निकाल वापरतात आणि तो योग्यच आहे. पण सिस्टर जेराल्डिन यांनाही मनोरमेचे हितच हवे होते, पुण्यातल्या पालकांनाही मुलींचे हितच हवे होते. हित कशात आहे याविषयी आईचा शब्द मोकळेपणाने यायचा, तर तिच्या डोक्यावरचे छप्पर त्या उत्तरावर अवलंबून असता कामा नये. राहण्याचा हक्क आणि मुलाचा ताबा हे प्रश्न दोन वेगवेगळ्या कचेऱ्यांत, एकमेकांकडे न पाहता सुटत राहतील, तोवर कित्येक आयांना तडजोडीलाच संमती म्हणावे लागेल.

मनोरमा पुढे शिकली, आईच्या कामात तिचा उजवा हात झाली आणि १९२१ च्या जुलैमध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी वारली. रमाबाई त्यानंतर नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. ज्या पत्रव्यवहारात ही मुलगी कुणाची यावर एवढा खल झाला, त्यात शेवटी एक गोष्ट निर्विवाद उरते: ती आईजवळ राहिली.