एम्ब्रियो ऐकण्याआधी

शोभा गुर्टू म्हटले की ठुमरी-दादरा आठवतो. १९२५ साली बेळगावात जन्म, आई मेनकाबाई शिरोडकरांची तालीम, १९७८च्या ‘मैं तुलसी तेरे आंगन की’ चित्रपटातले गाणे, एवढे रसिकांना ठाऊक असते. त्याच सुमारास, १९७७ साली, म्युनिकच्या ‘एम्ब्रियो’ या रॉक बँडच्या ‘अपो-कॅलिप्सो’ ध्वनिमुद्रिकेत त्या गायल्या, हे मात्र क्वचितच कुणी सांगते. त्यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू याच ध्वनिमुद्रिकेत वाजवतात. त्रिलोक यांच्या अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांपैकी हे एक. जर्मन प्रयोगशील रॉकच्या अभ्यासात मराठी वाचकाने इथूनच शिरावे, असे माझे मत आहे आणि या पुस्तकाची मांडणीही त्याच मतावर केली आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. साठच्या दशकाच्या अखेरीस पश्चिम जर्मनीतल्या तरुण वादकांना आईवडिलांच्या पिढीचे संगीत नको होते, कारण त्यावर नाझी काळाची सावली होती. इंग्रजी-अमेरिकी गाण्यांची नक्कल करण्याचाही कंटाळा आला होता. कोलोनच्या ‘कॅन’ या बँडमधले होल्गर चुकाय आणि इर्मिन श्मिट हे संगीतकार स्टॉकहाउझेनचे विद्यार्थी; तासन् तास वाजवायचे आणि मग टेप कापून-जोडून त्यातून गाणे काढायचे, ही त्यांची रीत. ड्युसेलडॉर्फच्या ‘क्राफ्टवेर्क’ने पुढे यंत्रांची वाट धरली. ब्रिटिश पत्रकारांनी सगळ्यांवर ‘क्राउटरॉक’ असा एकच शिक्का मारला. मला तो आवडत नाही, पण संदर्भ शोधताना तोच उपयोगी पडतो.

एम्ब्रियोची वाट तिसरीच. १९६९ साली ख्रिस्तियन बुर्खार्ड यांनी हा बँड उभा केला. ते ड्रम आणि व्हायब्राफोन वाजवत, आणि जॅझ पियानोवादक माल वॉल्ड्रन यांच्या सहवासात घडले होते. ‘ओपाल’ (१९७०) आणि ‘एम्ब्रियोज राखे’ (१९७१) या ध्वनिमुद्रिकांत रॉक आणि जॅझ अजून एकमेकांना अजमावताना दिसतात. १९७३च्या ‘वी कीप ऑन’मध्ये सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो आले आणि बँडचा कान पूर्वेकडे वळला. ध्वनिमुद्रण कंपन्यांशी पटेना, म्हणून १९७६ साली इतर वादकांसोबत त्यांनी ‘एप्रिल’ ही स्वतःची कंपनी काढली. पुढे तिचे नाव ‘श्नेबाल’ झाले. ‘अपो-कॅलिप्सो’ निघाली ती या स्वतःच्या कंपनीकडून, हे विसरू नये. ठुमरी गायिकेला रॉक बँडसोबत गायला बोलवा, असे बाजाराचा हिशेब करणारा कोण सांगणार होता?

मग १९७८-७९चा प्रवास. मंडळी बसगाड्या घेऊन जमिनीच्या वाटेने तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून भारतात आली. वाटेत भेटेल त्या वादकासोबत वाजवले, जमेल तिथे मुद्रण केले. त्यातून ‘एम्ब्रियोज रायझे’ ही दोन तबकड्यांची ध्वनिमुद्रिका झाली आणि वेर्नर पेन्झेल यांचा ‘व्हागाबुंडेन काराव्हाने’ हा चित्रपट. लवकरच इराणमधल्या क्रांतीने आणि अफगाणिस्तानातल्या युद्धाने ती वाटच बंद झाली. म्हणून ही ध्वनिमुद्रणे मला बँडच्या इतर कामापेक्षा मोलाची वाटतात, काही ठिकाणी सूर विस्कटले आहेत तरीही.

रेणापूर-लातूरकडच्या वाचकाने या संगीताला बिचकू नये. संबळ आणि तुणतुण्याच्या साथीने रात्रभर चालणारी देवीच्या आराध्यांची गाणी ज्याने ऐकली आहेत, त्याला एकाच लयीवर दहा-पंधरा मिनिटे रेंगाळणाऱ्या रॉकची भीती नाही. उलट तीन मिनिटांच्या फिल्मी गाण्यावर वाढलेल्या शहरी कानालाच जास्त कष्ट पडतील. ‘हा नुसता गोंगाट’ असे म्हणणाऱ्यांनी आधी मुरकी शोधणे सोडावे आणि लय धरून बसावे.

प्रभाव मोजताना विक्रीचे आकडे कामाचे नाहीत. बाहेरच्या वादकाला ‘पाहुणा कलाकार’ न म्हणता बरोबरीने बसवायची एम्ब्रियोची रीत पुढे झिरपली. १९८०च्या दशकाच्या आरंभी याच बँडमधल्या वादकांतून ‘डिसिडेंटेन’ हा बँड उभा राहिला; बेंगळुरूच्या कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशनच्या कलावंतांसोबत त्यांनी ‘जर्मनिस्तान’ ही ध्वनिमुद्रिका केली. त्रिलोक गुर्टूंनी १९८८ साली आपल्या ‘उस्फ्रेट’ ध्वनिमुद्रिकेत आईला पुन्हा गायला बोलावले; ही ध्वनिमुद्रिकाही एका जर्मन कंपनीकडूनच निघाली. बुर्खार्ड २०१८ साली गेले. आता त्यांची कन्या मार्या बँड चालवते. ‘फ्युजन’ या नावाखाली आज जे सपक मिश्रण विकले जाते, त्याचे पाप मात्र एम्ब्रियोच्या माथी मारू नये.

पुढची प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. पण पहिले प्रकरण उघडण्याआधी ‘अपो-कॅलिप्सो’ एकदा सलग ऐकावी, आणि टिपणे नंतर काढावीत, एवढी विनंती.