कुलाब्याच्या वहीतला सूर्य

मंडळी, सौरज्वाळांचा विषय निघाला की आपल्याला आधी नासा आठवते. आज आपण मुंबईच्या कुलाब्याला जाऊ.

१ सप्टेंबर १८५९. इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यडागांचं चित्र काढत होता. डागांवर अचानक पांढराशुभ्र उजेड फुटला आणि पाचेक मिनिटांत मावळला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळलं. तारायंत्रं बिघडली. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत तर नोंदीची रेघ कागदाबाहेर गेली.

कुलाब्यात मात्र चुंबकमापक डोळ्यांनी वाचून आकडे हातानं लिहीत. वादळ दिसताच तासाची नोंद सोडून दर काही मिनिटांनी आकडे टिपले गेले. म्हणून पूर्ण घसरण हाती लागली: सुमारे १६०० नॅनोटेस्ला, म्हणजे इथल्या आडव्या चुंबकीय बलाच्या जवळपास चार टक्के.

पुढं मुंबईत विजेच्या ट्राम यायचं ठरलं. त्यांच्यामुळं नोंदी बिघडल्या असत्या, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. साखळी तुटू नये यासाठी १९०६ पर्यंत दोन्हीकडं मोजमाप झालं. याच जुन्या आकड्यांवर २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या जी. एस. लाखिना, एस. अ‍ॅलेक्स आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी अभ्यास प्रसिद्ध केला.

आता ज्वाळेच्या पोटात काय चालतं? चुंबकीय बलरेषांच्या कमानींमध्ये तापलेला प्लाझ्मा कोंडलेला असतो. कमानीच्या एका पायथ्याशी एकाएकी उष्णता सुटली, की भरल्या घागरीला धक्का लागावा तसा तो हिंदकळतो. साठ लाख अंशांवरच्या अशा कमानींचे हेलकावे सोहो यानानं टिपले. २००२ मध्ये त्यांवर लेख आले. एक हेलकावा बहुधा दहा-वीस मिनिटांचा. दोन-तीन फेऱ्यांत तो विरतो. ही ध्वनिलहरच. कमानीची लांबी ठाऊक असली, तर हेलकाव्याच्या वेळेवरून आतल्या तापमानाचा अदमास घेता येतो. तिथं तापमापक कोण नेणार!

तुम्ही म्हणाल, चुडाव्याला याचं काय? १९८९ मध्ये अशाच वादळानं कॅनडातल्या क्युबेक प्रांतात ६० लाख लोक नऊ तास अंधारात होते, आणि ते वादळ १८५९ पेक्षा लहान मानतात. आपल्या मोटारपंपाची वीजही अशाच लांब तारांतून येते.

२ सप्टेंबर २०२३ ला, कुलाब्याच्या त्या नोंदीनंतर बरोबर १६४ वर्षांनी, आदित्य-एल१ निघालं. त्यावरची ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या आयुकाच्या पुढाकारानं घडली. आता सूर्याकडं आपली नजर आहेच. पण सगळ्यात मोठं वादळ किती मोठं असू शकतं, हे ठरवायला अजूनही कुलाब्याची ती वही उघडावी लागते.