साष्टीचा दगड आणि मुंबईचें सोनें

कॅलिफोर्नियांत १८४८ सालीं आणि ऑस्ट्रेलियांत १८५१ सालीं सोनें सांपडलें, तेव्हां ओसाड माळावर पाहतां पाहतां शहरें उभीं राहिलीं, हें सर्वश्रुत आहे. मुंबईच्या भूमींत सोन्याची खाण नाहीं. तथापि त्याच पिढींत या शहरासही तसाच ज्वर चढला होता. फरक इतकाच कीं, येथें धन समुद्रावरून आलें आणि जमिनींतून निघाला तो दगड. धनाची हकीकत पुष्कळांनीं सांगितली आहे, दगडाची क्वचित् कोणी सांगतो. वस्तुतः त्या वैभवांतून आज डोळ्यांस जें दिसतें, त्याचा मोठा भाग साष्टीच्या टेकड्यांच्या पोटांतून निघालेला आहे. साष्टी म्हणजे वांद्रें, अंधेरी, बोरिवली, कुर्ला, घाटकोपर, मुलुंड हीं उपनगरें ज्यावर वसलीं आहेत तें बेट.

१८६१ च्या एप्रिलांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें रोखून धरलीं आणि लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला. त्यांची नजर वऱ्हाड, खानदेश व गुजराथ या प्रांतांकडे वळली. युद्धाच्या त्या चार-पांच वर्षांत कापसाच्या वाढलेल्या भावामुळें मुंबईस नेहमीपेक्षां सुमारें आठ कोटि पौंड, म्हणजे तत्कालीन हिशेबानें ८० कोटि रुपये अधिक मिळाले, असा अंदाज आहे. गाद्या उसवून आंतील कापूस बाजारांत नेल्याच्या गोष्टी त्या काळाविषयीं सांगतात. त्यांत थोडी अतिशयोक्ति धरली तरी भाव कोणत्या थरास गेला होता याची कल्पना येते.

एवढा पैसा ठेवावयाचा कोठें? १८६५ च्या आरंभीं शहरांत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन करूं पाहणाऱ्या ८ कंपन्या होत्या. त्यांत बॅकबे रेक्लमेशन कंपनी सर्वांत नांवाजलेली. तिचा पांच हजारांचा भाग पन्नास हजारांपर्यंत चढला. जी जमीन अद्याप समुद्राखालीं होती तिच्यावर माणसें घरें गहाण टाकून पैसे लावीत होतीं! त्या एप्रिलांत जनरल लीनें शरणागति पत्करली. कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ रोजीं देण्याघेण्याचा दिवस उजाडला तेव्हां द्यावयास कोणाजवळच कांहीं नव्हतें. पन्नास हजारांचा भाग पुढें दोन हजारांच्याही खालीं आला. १८६४ च्या गणतींत शहराची वस्ती ८,१६,५६२ भरली होती. १८७२ सालीं ती ६,४४,४०५ वर आली. सोन्यामागें आलेले लोक सोनें संपल्यावर निघून जातात, हें कॅलिफोर्नियाइतकेंच येथेंही खरें ठरलें.

मात्र सगळाच पैसा हवेंत गेला नाहीं. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दींत कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या आणि मोकळ्या झालेल्या मैदानालगत सरकारी इमारतींची रांग उभी करण्याचें ठरलें. या सट्ट्याचे अग्रणी शेट प्रेमचंद रायचंद यांनीं १८६४ सालीं विश्वविद्यालयास ग्रंथालयासाठीं दोन लाख व मनोऱ्यासाठीं दोन लाख रुपये दिले. पुढच्याच वर्षीं ते स्वतः बुडाले. परंतु देणगी तरली. तिच्यांतून त्यांच्या मातेच्या नांवाचा २८० फूट उंच राजाबाई टॉवर १८७८ सालीं पुरा झाला. त्याचा आराखडा विलायतेंतील गिल्बर्ट स्कॉट यांचा. हे गृहस्थ मुंबईस कधीं आलेच नाहींत. दगड मात्र कुर्ल्याचा.

दगड जवळचाच हवा, हा साधा हिशेब होता. दगड स्वस्त, पण त्याची वाहतूक महाग. पोरबंदरचा मऊ चुनखडक नक्षीकामासाठीं गलबतांतून येई. भिंतींस लागणारा राशींनीं दगड दूरून आणणें परवडण्याजोगें नव्हतें. साष्टींत तो मुबलक होता. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूगर्भांतून उसळलेल्या लाव्ह्यानें दख्खनचें पठार झालें, त्याच उलथापालथीचा हा पश्चिमेकडील कांठ. येथील काळा-निळा खडक अति कठीण. पाया, रस्ते व धक्के यांस तोच योग्य. मालाड-खारोडीच्या बाजूचा पिवळसर खडक त्या मानानें घडविण्यास सोपा, आणि कुर्ल्याचा फिकट बदामी दगड दिसण्यास देखणा. १८५३ सालीं बोरीबंदर ते ठाणें ही आगगाडी कुर्ल्यावरून धांवूं लागली, आणि १८६७ पासून दुसरी गाडी विरारहून बोरिवली, अंधेरी, वांद्रें करीत बॅकबेपर्यंत येऊं लागली. खाण आणि शहर यांमध्यें आतां कांहीं घटकांचेंच अंतर उरलें. कुर्ला गांव तर १८०८ सालींच आसपासच्या खेड्यांसह होर्मसजी बमनजी वाडिया यांस कंपनी सरकारनें अपोलो दरवाजाजवळील जागेच्या मोबदल्यांत दिलें होतें. कोटांतील जमिनीचा एक तुकडा आणि साष्टींतील गांवेंच्या गांवें यांचें मोल त्या काळीं एकाच तागडींत तोललें जाई!

खाणींतील काम मुख्यतः वडार व पाथरवट यांचें. वडार हे मूळचे तेलुगु मुलुखांतले. घरांत तेलुगु वळणाची बोली आणि बाहेर मराठी. मातीकाम करणारे माती वडार, ठेंगण्या गाड्यांतून दगड वाहणारे गाडी वडार आणि जातीं-पाटे घडविणारे, अशा त्यांच्यांत पोटशाखा आहेत. यंत्रें येण्यापूर्वीं सर्व काम हाताचें. एकानें पहार धरावी, दुसऱ्यानें तिच्यावर घण घालावा. प्रत्येक घावानंतर पहार थोडी फिरवावी, भोंकांत पाणी ओतून भुकटी बाहेर काढावी. हातभर भोंक पडावयास चांगल्या गड्यांसही बराच वेळ लागे. मग दारू ठांसून वात लावावयाची, मोठ्यानें आरोळी द्यावयाची आणि आडोशास पळावयाचें. वात वेळेवर न पेटली तर पाहण्यास पुढें जाणारा नेहमींच परत येई असें नाहीं.

सुरुंगानें सुटलेला धोंडा पाचरी ठोकून फोडीत. त्याचे चिरे पाथरवट टांकीनें घडवीत. उरलेल्या तुकड्यांची खडी होई, आणि ती फोडण्याचें व पाटींतून वाहण्याचें काम बहुधा बायकांकडे व पोरांकडे असे. मजुरी दिवसावर नव्हे, मापावर. शंभर घनफुटांचा एक ब्रास. तो मोजणार मुकादम. दगड रचतांना मध्यें पोकळी राहिली असें मुकादमानें म्हटलें कीं माप कमी धरलें जाई. पावसाळ्यांत खाणीचें तळें होई आणि काम बंद पडे. तेवढे महिने वाण्याची उधारी व मुकादमाची उचल यांवर निघत, आणि दसऱ्यानंतरची कमाई ती फेडण्यांत जाई. दगडाची धूळ छातींत सांठून कित्येकांस अकालीं खोकला जडे. कापसाच्या भावाची चढउतार या लोकांनीं क्वचितच ऐकली असेल.

याच साष्टींत, बोरिवलीपासून थोड्या अंतरावर, कान्हेरीच्या डोंगरांत शंभराहून अधिक लेणीं आहेत. तेथील मोठें चैत्यगृह इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास गजसेन व गजमित या दोन व्यापारी बंधूंनीं करविलें. तेथील शिलालेखांत दात्यांचीं नांवें आहेतच. परंतु कामावर देखरेख करणारे, दगड फोडणारे आणि झिलई करणारे यांचीही दखल घेतलेली आहे. कापसाच्या युगांतील व्यापाऱ्यांनीं आपल्या मातापितरांचीं नांवें मनोऱ्यांस व सभागृहांस दिलीं. शिल्पशास्त्र्यांचीं नांवें ग्रंथांत राहिलीं. खाणींतल्या माणसांचें नांव मात्र त्या वास्तूंच्या वर्णनांत सहसा आढळत नाहीं. एका सरकारी यादींत तें आढळतें. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ सालीं झाला, पुढें तो मुंबई इलाख्यासही लागू झाला, आणि वडारांची गणना त्या कायद्याखालीं होऊं लागली. तो १९५२ सालीं रद्द झाला. आज महाराष्ट्रांत वडार समाज विमुक्त जातींत मोडतो. ज्यांच्या हातच्या चिऱ्यांवर न्यायमंदिरें उभीं राहिलीं, त्यांसच जन्मतः संशयित ठरविणें हा न्याय चमत्कारिकच म्हटला पाहिजे.

कापसाचा ज्वर उतरला तरी दगडाची मागणी थांबली नाहीं. प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयास कुर्ल्याचा काळसर व मालाडचा पिवळा दगड लागला. १९२४ सालीं खुल्या झालेल्या गेटवे ऑफ इंडियास खारोडीचा. १८९६ च्या प्लेगानंतर शहरांतील लोक मोकळ्या हवेसाठीं उत्तरेकडे सरकूं लागले, १९२० सालीं उपनगर जिल्हा निराळा झाला, आणि १९५० व १९५७ सालीं मुंबईची हद्द वाढत वाढत मुलुंड-दहिसरपर्यंत पोहोंचली. आतां खाणींच्या दारांतच घरें आलीं. त्या घरांसही खडी लागे. चांदिवली, कांदिवली, मालाड येथें कित्येक टेकड्या कापल्या गेल्या, खड्ड्यांत पाणी सांचलें, आणि पुष्कळ खड्डे भरून त्यांवर चाळी व इमारती झाल्या.

अंधेरींत गिल्बर्ट हिल नांवाचा काळ्या खडकाचा सुमारें २०० फूट उंचीचा सुळका अजून उभा आहे. लाव्हा निवतांना झालेले उभे खांब त्यांत स्पष्ट दिसतात. अशी रचना जगांत फार थोड्या ठिकाणीं आहे. भोंवतालचा दगड खाणवाल्यांनीं काढून नेला, म्हणून तो इतका तुटक व सरळसोट दिसतो. त्याच्या माथ्यावर गांवदेवीचें देऊळ आहे. वर जाण्यास खडकांत पायऱ्या आहेत, आणि पायथ्याशीं घरें अगदीं कड्यास भिडलीं आहेत.