तोफगोळ्याची सुरी

आपल्याकडील लोहार मालमोटारीच्या कमानीचा मोडका पाटा भट्टीत तापवून त्याचा कोयता घडवितो, हे दृश्य पुष्कळांच्या परिचयाचे आहे. एकदा चांगले बनलेले पोलाद मोडले तरी वाया जात नाही, हे त्याला पुस्तकावाचून ठाऊक असते. परंतु श्रोतेहो, शत्रूच्या तोफगोळ्यांतून स्वयंपाकाच्या सुऱ्या घडविणारेही एक बेट आहे. आज त्याची हकीकत सांगावयाची आहे.

चीनच्या श्यामेन बंदरासमोर, अवघ्या काही मैलांवर, किनमेन हे लहानसे बेट आहे. त्याचा कारभार तैवानकडे आहे. २३ ऑगस्ट १९५८ रोजी चिनी किनाऱ्यावरील तोफा त्यावर धडाडू लागल्या आणि ४४ दिवसांत सुमारे ४,७५,००० गोळे तेथे पडले. पुढे दिवसाआड गोळे येत राहिले. त्यांतील पुष्कळांच्या पोटी प्रचाराची पत्रके असत. असा गोळा हवेत उघडून पत्रके उधळी. पण त्याचे जड कवच खाली येऊन घर फोडी, प्रसंगी माणूसही मारी. हा क्रम १९७९ च्या आरंभी थांबला.

पत्रकांच्या गोळ्याचे बारीक तुकडे होत नसत. त्यामुळे उत्तम पोलादाची मोठमोठी शकले शेताशेतांतून सापडत. वू नावाच्या लोहार घराण्याने ती उचलली. कवचाचा तुकडा कापावयाचा, तो लाल होईतो तापवावयाचा, घणाखाली ठोकून पाते काढावयाचे, पाणी देऊन ते कठीण करावयाचे आणि शेवटी सहाणेवर धार लावावयाची. एका गोळ्यातून सुमारे ६० सुऱ्या निघतात, असे या घराण्याच्या तिसऱ्या पिढीतील वू त्सेंग-तुंग सांगतात. त्यांचे आजोबा ही विद्या शिकले होते ती श्यामेनमध्येच! कसब ज्या किनाऱ्यावरून आले, त्याच किनाऱ्यावरून पुढे गोळेही आले.

२००१ साली श्यामेन व किनमेन यांच्यामधील जलमार्ग खुला झाला. समोरच्या किनाऱ्यावरचे प्रवासी येऊ लागले आणि त्याच सुऱ्या विकत घेऊन घरी नेऊ लागले. वीस वर्षे ज्या दिशेने मृत्यू येत होता, त्या दिशेस आता भाजी चिरण्याचे साधन परत जाऊ लागले.

यामुळे मेलेली माणसे परत येत नाहीत, हे खरे. परंतु पोलादाला स्वतःचे वैर नसते. ते तोफेत भरावयाचे की चुलीपाशी ठेवावयाचे, हे माणूसच ठरवितो. किनमेनच्या लोहाराने आपल्यापुरते ते ठरविले.