शनिवारवाड्यातील हाक



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांना इतिहास आणि वाङ्मय यांच्यामध्ये भिंत घालणे मान्य नव्हते. म्हणून मीही दोहोंच्या सीमेवरचा विषय घेतला आहे. माणसाला खरे भय कशाचे वाटते, भुताचे की माणसाचे? या प्रश्नाचे उत्तर मी भयकथांच्या पुस्तकांत न शोधता एका खऱ्या खुनात शोधणार आहे. त्या खुनाची पुढे भूतकथा झाली, आणि ती होताना त्यातले काय बदलले हे आपल्याला तपासता येते.

थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला निवर्तले आणि त्यांचे धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, शनिवारवाड्यात त्यांचा वध झाला. वय अवघे अठरा. चुलते रघुनाथराव त्या वेळी त्याच वाड्यात नजरकैदेत होते. गारद्यांचा पगार थकला होता. त्यांच्यात काही शिजते आहे अशी कुणकुण त्या दिवशी लागली होती. ग्रँट डफने दिलेल्या हकीगतीनुसार पेशव्यांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करण्यास सांगितले; हरिपंतांना एके ठिकाणी जेवावयास जावयाचे होते, आणि बंदोबस्त राहून गेला. एका जेवणाच्या आमंत्रणाने इतिहास फिरला असे मी म्हणणार नाही. पण ही क्षुल्लक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. संकटाची सूचना मिळालेली असते आणि भला माणूस जेवायला गेलेला असतो.

भर दुपारी सुमेरसिंग गारद्याची माणसे आत घुसली. नारायणराव धावत निघाले ते थेट चुलत्यांच्या दालनात, आणि त्यांनी चुलत्यांना मिठी मारली. तेथेच ते मारले गेले. त्यांना वाचवू पाहणारा चापाजी टिळेकर हा सेवकही पडला.

आता भूतकथा पाहा. ती आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. रात्री वाड्यातून आवाज येतो, ‘काका, मला वाचवा!’ ती रात्र अमावास्येची की पौर्णिमेची, यावर सांगणाऱ्यांचे एकमत नाही. पण रात्र ठरलेली. पहिला बदल हा. घडले ते लख्ख उजेडात, नोकरचाकरांच्या वावरात, सणाच्या धामधुमीत. लोककथेने ते काळोखात नेले. काळोखात भ्यायला आपली हरकत नसते, कारण काळोख सरतो. दुपारी, घरात, नात्यातल्या माणसाच्या मिठीत मृत्यू येतो हे मान्य केले तर कोणती वेळ आणि कोणती जागा सुरक्षित म्हणावी?

भुतावर उपाय असतो, हेही विसरू नये. रामरक्षा आहे, अंगारा आहे, उतारा आहे. नारायण धारपांच्या कितीतरी कथांत अमानुष शक्ती कितीही प्रबळ झाली तरी शेवटी समर्थ येतात. वाचक घाबरतो, पण त्या भरवशावर घाबरतो. चुलत्यावर उतारा नाही. गारदी हे तर वाड्याचे राखणदार. ज्यांनी वाचवायचे त्या दोघांकडूनच घात झाला, आणि मराठीत ज्याला ‘काका’ म्हणतात तो बापाच्या माघारी बापाच्या जागी उभा राहणारा माणूस असतो. त्या हाकेतला काटा ‘वाचवा’ या क्रियापदात नाही, ‘काका’ या संबोधनात आहे. ‘कोणी तरी वाचवा’ असे ते भूत ओरडत असते, तर ही कथा केव्हाच विसरली गेली असती.

दुसरी दंतकथा ‘ध’चा ‘मा’ करण्याची. रघुनाथरावांनी ‘धरावे’ असे लिहिले, आनंदीबाईंनी त्याचे ‘मारावे’ केले. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात ही गोष्ट नोंदवली. पुढच्या संशोधकांनी तिच्याविषयी शंका घेतल्या, तरी भाषेत तिचा वाक्प्रचार होऊन बसला. भाषेचा अध्यापक म्हणून मला तिचे कौतुक आहे आणि माणूस म्हणून तिचा संशय आहे. एका अक्षराने केवढी सोय केली! काकांना फक्त धरायचे होते. मारले ते एका बाईच्या लेखणीने. एका कथेने दुपारची रात्र केली, दुसरीने चुलत्याची चुलती केली. दोन्हींचा रोख एकाच माणसावरून नजर हटवण्याकडे आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ मध्ये याच प्रसंगावर नाटक लिहिले, त्याचे नाव त्यांनी ‘भाऊबंदकी’ ठेवले. घराघरांत ऐकू येणारा हा शब्द निवडून त्यांनी मर्मावर बोट ठेवले, असे मला वाटते.

वर्गात मी विद्यार्थ्यांना विचारीत असे, ‘हे भूत कोणाचे काय करते?’ उत्तर येत नसे, कारण ते काहीच करीत नाही. झपाटत नाही, सूड घेत नाही. आगरकरांनी ‘विकारविलसित’ म्हणून मराठीत आणलेल्या शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्येही चुलताच खुनी आहे, पण तेथील पिशाच खुन्याचे नाव सांगते आणि मुलावर सुडाची जबाबदारी टाकते. आमच्या नारायणरावांना अजून खुनी कोण हेच कळलेले नाही. खुन्यालाच ते मदतीसाठी बोलावीत आहेत. वाडा १८२८ मध्ये जळाला, ते दालन राहिले नाही, विश्वास मात्र तसाच राहिला आहे! अंगावर काटा येतो तो त्यामुळे.

या हाकेला राज्यव्यवस्थेने उत्तर दिले नाही असे नाही. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, दोष रघुनाथरावांवर ठेवला, देहान्त प्रायश्चित्ताचा निर्णय तोंडावर सांगितला आणि पुणे सोडले. कारभाऱ्यांनी नारायणरावांच्या गर्भवती पत्नी गंगाबाईंना पुरंदरावर नेऊन त्यांचे रक्षण केले. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मले. रघुनाथराव मात्र सुरतेस इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि ६ मार्च १७७५ च्या तहात साष्टी व वसई देऊ करून बसले. पुढली सात वर्षे लढाईत गेली.

तिचा शेवट आपल्या या ग्वाल्हेरजवळ, सालबाई गावी झाला. १७ मे १७८२ रोजी महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने तह ठरला. मराठ्यांच्या मुत्सद्देगिरीचा तो विजय होता आणि त्याचा अभिमान येथल्या मराठी माणसाने जरूर बाळगावा. त्या तहात रघुनाथरावांसाठीही तरतूद आहे : इंग्रजांनी त्यांना थारा देऊ नये, आणि निर्वाहासाठी त्यांना दरमहा पंचवीस हजार रुपये मिळावेत. शांततेची ती किंमत होती, आणि महादजींसारख्या पुरुषाने ती जाणूनबुजून मोजली. त्यांना दुसरा मार्ग होता असे मला दिसत नाही. पण रामशास्त्र्यांच्या निर्णयाचे रूपांतर वेतनात झाले, हे त्या कलमात स्पष्ट वाचता येते.

रघुनाथराव ११ डिसेंबर १७८३ रोजी कोपरगावी वारले. शनिवारवाड्याच्या ज्या दरवाजातून नारायणरावांचा देह बाहेर नेला, त्याला लोक नारायण दरवाजा म्हणू लागले. तो दरवाजा अजून उभा आहे.